चोवीस किलोबाइटची आवड

नांदेड-लातूरकडे 1990 ते 2010 या वीस वर्षांत शाळेत असलेल्या कुणालाही लहानपणचे आवडते व्हिडिओ गेम विचारले, तर उत्तराला वेळ लागत नाही. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, बदकं मारायचा, सर्कसचा, रोड फायटर, दगडी कुऱ्हाडी फेकत पळणारा आयलंडर. त्यात फार तर बॉम्बरमॅन, गॅलेक्सियन किंवा मोटारसायकलच्या उड्यांचा एक्साइटबाइक यांची भर पडते. क्रम माणसागणिक बदलतो, नावं बदलत नाहीत. हेच यंत्र अमेरिकेतही घरोघरी होतं, पण तिथल्या त्याच वयाच्या माणसाच्या यादीत झेल्डा, मेट्रॉइड, फायनल फँटसी, मेगा मॅन आणि कॅसलव्हेनिया असतात. मारिओ, बदकं आणि कॉन्ट्रा दोन्हीकडे आहेत. त्यापलीकडे दोन याद्यांची फारशी ओळख नाही. आवड ही ज्याची त्याची गोष्ट असेल, तर शेकडो घरांमधून सारखीच यादी का निघावी आणि ती दुसऱ्या देशातल्या यादीपासून इतकी लांब का असावी? माझं म्हणणं असं की, ही आवड मुलांच्या हाती पोचण्याआधीच तीनदा चाळली गेली होती. पहिली चाळणी कारखान्यातल्या चिपची, दुसरी घरातल्या एकुलत्या टीव्हीची आणि बेभरवशाच्या विजेची, तिसरी भाषेची. त्यातून जे खाली आलं त्यातही मुलांनी निवड केली, आणि ती निवड समजून घ्यायची तर आधी या चाळण्या पाहायला हव्यात.

मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचं. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेला फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे फॅमिकॉम, 15 जुलै 1983 रोजी जपानात 14,800 येनला विक्रीला आला. त्याची कामाची स्मृती अवघी 2 किलोबाइट होती. 1985 मध्ये तेच यंत्र वेगळ्या पेटीत आणि वेगळ्या नावानं अमेरिकेत गेलं. भारतात त्याचा जो अवतार घराघरांत पोचला तो मात्र निन्टेन्डोनं बनवलेला नव्हता. तैवानमधल्या यूएमसीसारख्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी फॅमिकॉमच्या मुख्य चिपांच्या बरोबरीनं चालणाऱ्या चिपा काढल्या, आणि पुढं सगळं यंत्रच एका चिपवर बसवलं. अशा यंत्राचं झाकण उघडलं तर आत हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसतो; सगळं डोकं त्या ठिपक्याखाली असतं. भारतीय बाजारात ही यंत्रं सामुराई, मीडिया, लिटिल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी आली. कॅसेट खुपसायची खाच मात्र सगळ्यांना जपानी फॅमिकॉमचीच, साठ टोकांची होती. अमेरिकी यंत्राची खाच बहात्तर टोकांची, म्हणून अमेरिकेतली कॅसेट या यंत्रांत बसतच नाही. ही खाच लक्षात ठेवावी, कारण यादीतला निम्मा फरक तिथून सुरू होतो.

यंत्र मराठवाड्यात आलं ते आयातीच्या धोरणामागोमाग. 1991 पूर्वी चैनीच्या वस्तूंची आयात जवळजवळ बंदच होती. जे यायचं ते बॅगेतून किंवा आडवाटेनं. उदारीकरणानंतर दार किलकिलं झालं. सेगा या निन्टेन्डोच्या प्रतिस्पर्ध्यानं 1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात अधिकृत विक्रीही सुरू केली, पण ती यंत्रं महागडी होती आणि त्यांच्या कॅसेटांचा माल जिल्ह्याच्या गावी पोचेल अशी साखळी कधी उभी राहिली नाही. नकली फॅमिकॉमला अशी साखळी लागत नव्हती. घड्याळं, टेपरेकॉर्डर आणि कॅल्क्युलेटर ज्या घाऊक बाजारातून यायचे तिथूनच तो यायचा. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आणि मुंबई त्याच्या दुप्पट. मराठवाड्यावरचं हैदराबादच्या निजामाचं राज्य 1948 मध्ये संपलं तरी हे अंतर बदललं नाही, आणि व्यापाऱ्याची पावलं अंतर पाहून पडतात. 1 एप्रिल 2001 रोजी उरलेल्या ग्राहकोपयोगी वस्तूंवरची आयातीची संख्याबंधनंही उठली, चिनी खेळणी आणि विजेच्या वस्तू स्वस्त झाल्या, आणि व्हिडिओ गेम ही नोकरदाराच्या घरची चैन राहिली नाही. छोट्या दुकानदाराच्या, शेतकऱ्याच्या घरातही दिवाळीला तो येऊ लागला. जपानात निन्टेन्डोनं फॅमिकॉमचं उत्पादन सप्टेंबर 2003 मध्ये थांबवलं. म्हणजे तिकडे यंत्र म्हातारं होऊन निवृत्त झालं त्या सुमाराला इकडे त्याचा भरबाजार चालू होता. आज ज्याला आपण जुन्या जमान्याचं यंत्र म्हणून कौतुकानं पाहतो, ते या दोन शहरांत आलं तेव्हा नवंकोरं म्हणूनच आलं होतं.

आता पहिल्या चाळणीकडे येऊ. फॅमिकॉमच्या सुरुवातीच्या कॅसेटांचा ढाचा ठरलेला होता: खेळाच्या आज्ञांसाठी 16 किंवा 32 किलोबाइट आणि चित्रांसाठी 8. बेरीज 24 किंवा 40. सप्टेंबर 1985 मध्ये आलेला सुपर मारिओ ब्रदर्स बरोबर 40 किलोबाइटांत बसतो. 1984 मधला बदकांचा डक हंट 24 मध्ये. पुढं खेळ मोठे झाले तेव्हा कॅसेटमध्ये जास्तीच्या चिपा घालाव्या लागल्या, आणि त्या चिपा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. 1988 चा सुपर मारिओ ब्रदर्स 3 हा 384 किलोबाइटांचा. तेवढ्याच जागेत 24 किलोबाइटांचे सोळा खेळ मावतात. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ कोंबून विकणाऱ्या माणसाचं गणित या एका भागाकारात आहे. त्याला मोठा, नावाजलेला एक खेळ देण्यापेक्षा छोटे सोळा देणं परवडतं, शिवाय छोट्या खेळांना खास चिपही लागत नाही. मग त्या सोळांना वेगवेगळ्या टप्प्यापासून सुरू करून, नावं किंचित बदलून यादी शेकड्यांत नेता येते. ‘9999999 इन 1’ असं कॅसेटवर छापायला तर काहीच खर्च नाही. घरी आल्यावर पानं उलटत गेलं की कळायचं, तेच पाच-सात गेम पुन्हा पुन्हा येतात. ही फसवणूक होतीच, पण तिचा एक परिणाम कुणाच्या मनात नसताना घडला: तेच थोडे खेळ हजारो घरांत पोचले आणि सगळ्यांचे झाले. नांदेडच्या मुलानं लातूरच्या मावसभावाकडे सुट्टीत जावं आणि तिथंही तोच मेन्यू निघावा, याला कुणाची योजना नव्हती.

या तर्काला भक्कम पुरावा यादीतूनच मिळतो. आपण ज्याला टँक म्हणतो तो नामको कंपनीचा बॅटल सिटी, 1985 चा. तो जपानात निघाला. अमेरिकेतल्या यंत्रासाठी त्याची अधिकृत कॅसेट कधी निघालीच नाही. सर्कस चार्ली हा कोनामीचा 1984 चा नाण्यावर चालणारा खेळ, 1986 मध्ये फॅमिकॉमवर आला, तोही जपानातच. रोड फायटर जपानात 1985 मध्ये आणि युरोपात 1992 मध्ये मिळाला, अमेरिकेत मिळाला नाही. दोन पेंग्विनांना एकाच वेळी उलटसुलट दिशांनी चालवायचा बायनरी लँड हा हडसनचा 1985 चा खेळही जपानबाहेर विकला गेला नाही. म्हणजे मराठवाड्याची यादी अमेरिकी मासिकांच्या स्तुतीतून, जाहिरातींतून किंवा जगभरच्या कीर्तीतून आलेली नाही. ती 1983 ते 1986 या चार वर्षांत जपानात निघालेल्या छोट्या खेळांच्या कोठारातून तैवानमार्गे आली. रशियात 1992 पासून विकलं गेलेलं डेंडी, पोलंडमधलं पेगासस आणि चीनमधलं सुबोर ही त्याच जातीची यंत्रं. तिथली आजची पस्तिशी-चाळिशीतली माणसंही टँकचं नाव आधी घेतात. आवडीच्या नकाशावर लातूर हे न्यूयॉर्कपेक्षा वॉर्साच्या जवळ आहे, हे ऐकायला गमतीचं वाटतं. कॅसेटच्या खाचेकडे पाहिलं की त्यात नवल उरत नाही.

टँकबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण माझ्या मते या सगळ्या यादीतला सर्वांत चांगला खेळ तोच, मारिओपेक्षाही. मैदान एका पडद्याचं, तेरा बाय तेरा चौकोनांचं. विटांच्या भिंती गोळीनं पडतात, पोलादाच्या पडत नाहीत, पाणी अडवतं, झाडी लपवते, बर्फावर टँक घसरतो. खाली मधोमध विटांच्या कुंपणात गरुडाचं चिन्ह, आणि वरून एकामागून एक येणारे शत्रूचे वीस टँक. गरुडाला गोळी लागली की खेळ संपला, मग तुमच्या कितीही लाइफ शिल्लक असोत. त्यामुळं हा खेळ नुसता मारामारीचा राहत नाही. राखण कुणी करायची आणि पुढं कुणी जायचं हे दोघांना आधी ठरवावं लागतं. पिवळा टँक एकाचा, हिरवा दुसऱ्याचा. चुकून जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागीच खिळतो, आणि तेवढ्यात शत्रू आत शिरतो. किती भांडणं या एका नियमानं लावली असतील! फावडं मिळालं की गरुडाभोवतीचं कुंपण काही काळ पोलादी होतं, घड्याळ मिळालं की शत्रू थांबतात, तारा मिळाला की आपली तोफ सुधारते. टप्पे पस्तीस, आणि त्यावर स्वतःचं मैदान रचायची सोय. 1985 मध्ये 24 किलोबाइटांत एवढं बसवणं ही मोठी कारागिरी होती. आठ-दहा वर्षांचं पोर रिमोटच्या चार बाणांनी भिंती रचतं, त्यात स्वतःच खेळून पाहतं, चुकलं तर पुन्हा रचतं. याला आज शाळांमधून मोठी नावं देऊन शिकवतात. रचलेलं मैदान मात्र यंत्र बंद केलं की पुसलं जायचं. ही गोष्ट आपल्याला दुसऱ्या चाळणीपाशी आणते.

त्या काळात घरात टीव्ही एक. संध्याकाळी तो मालिकांचा आणि बातम्यांचा, क्रिकेट असलं की सगळ्यांचा. मुलांच्या वाट्याला यायच्या त्या उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या दुपारी, जेव्हा नांदेडचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि पोरांना अंगणात सोडायला कुणी तयार नसतं. त्या दुपारीही वीज असेल तर. वीज मंडळाचे तुकडे होऊन जून 2005 मध्ये महावितरण आलं, आणि त्याच सुमाराला राज्यात भारनियमन रोजच्या वेळापत्रकाचा भाग झालं. ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त तिथं बंद तास जास्त, असा हिशेब होता, आणि त्या हिशेबात मराठवाड्याचा बराच भाग खालच्या पायरीवर होता. अशा घरात कुठला खेळ टिकेल? 1986 चा झेल्डा हा दिवसेंदिवस चालणारा शोध. कुठवर आलो ते लक्षात ठेवायला त्याच्या अमेरिकी कॅसेटमध्ये बटणाएवढी बॅटरी असायची. नकली कॅसेट बनवणाऱ्याला ती बॅटरी म्हणजे नुसता वाढीव खर्च, आणि बॅटरीविना झेल्डा म्हणजे रोज पहिल्या पानापासून वाचायची कादंबरी. उलट गॅलेक्सियन 1979 चा, मॅपी 1983 चा, रोड फायटर आणि सर्कस चार्ली 1984 चे; हे सगळे मुळात नाण्यावर चालणारे खेळ. नाणं टाकणाऱ्याला काही मिनिटांत हरवून पुढच्याला जागा करून द्यायची, हीच त्यांची रचना. अशा खेळात वीज गेली तर पाच मिनिटं जातात, पाच दिवस नाही. शिवाय एक हरला की रिमोट दुसऱ्याच्या हातात, म्हणजे चार भावंडांत एका यंत्राचं न्यायानं वाटप. टोकियोच्या खेळघरांत नाणी लवकर गोळा व्हावीत म्हणून केलेली रचना लातूरच्या भारनियमनाला इतकी चपखल बसेल हे कोनामीच्या किंवा नामकोच्या कुणाच्या स्वप्नातही नसणार.

टीव्हीनं आणखी एक बदल केला, ज्याची जाणीव खेळणाऱ्यांना नव्हती. जपानी संच सेकंदाला साठ चित्रं दाखवायचा, आपला पाल पद्धतीचा संच पन्नास. फॅमिकॉमचे खेळ चित्रांच्या तालावर चालतात, त्यामुळं पालसाठी बनवलेल्या यंत्रात इथला मारिओ जपानी मारिओपेक्षा साधारण सहाव्या हिश्श्यानं हळू पळायचा आणि त्याचं संगीतही तितकंच संथ वाजायचं. खड्ड्यावरून उडी मारायला आपल्या मुलांना किंचित जास्त सवड मिळाली. मूळ वेगातला मारिओ आज ऐकला की तो घाईत असल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हे.

तिसरी चाळणी भाषेची. ड्रॅगन क्वेस्ट 1986 चा आणि फायनल फँटसी 1987 चा. दोन्हींत माणसं बोलतात, पानंच्या पानं बोलतात, आणि ते वाचल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. जपानी कॅसेटवर हे सगळं जपानी लिपीत. इंग्रजी असतं तरी फार फरक पडला नसता: महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते जून 2000 मध्ये, त्याआधी पाचवीत. ज्या वयात मुलं हे खेळ खेळली त्या वयात निम्म्यांना ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही अक्षरं चित्रासारखीच ओळखीची होती. त्यात नांदेड हे शहर असं की एका गल्लीत मराठी, दख्खनी उर्दू, तेलुगू आणि पंजाबी ऐकू यावी. लातूर जिल्ह्यात उदगीर-निलंग्याकडे कन्नडही. टँकला, सर्कसला, बॉम्बरमॅनला यांतली एकही भाषा लागत नाही. शिकवणारा मुलगा फक्त दाखवतो: हे दाबलं की उडी, हे दाबलं की गोळी. कॉन्ट्रामधल्या तीस लाइफची कळ, म्हणजे वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा आणि शेवटी दोन बटणं, ही कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोनं 1986 च्या ग्रॅडियससाठी केली होती. ती छापील कागदाशिवाय, एका तोंडातून दुसऱ्या कानात अशी इथवर आली. या पट्ट्यातल्या मुलांनी पाठ केलेल्या मंत्रांत ती सर्वांत धर्मनिरपेक्ष असावी.

इथं जाणकार वाचक हात वर करील. कॉन्ट्रा 1988 चा, 128 किलोबाइटांचा, म्हणजे चिपच्या चाळणीतून तो पडायला नको होता. मग यादीत दुसऱ्या क्रमांकावर कसा? आक्षेप रास्त आहे, आणि त्यानं माझं म्हणणं नेमकं व्हायला मदतच होते. चिपचा आकार ही पहिली चाळणी, पण सर्वांत कडक चाळणी नव्हे. कॉन्ट्रा मोठा असला तरी बाकी दोन्ही चाळण्यांतून सहज जातो. टप्पे आठ, हात बसलेल्या जोडीला अर्ध्या तासाच्या आसपास पुरणारे. वाचायला काही नाही. साठवून ठेवायला काही नाही. आणि दोघं एकाच वेळी, एकाच पडद्यावर, खांद्याला खांदा लावून. असा खेळ असेल तर दुकानदार त्याची वेगळी कॅसेट ठेवतो आणि गिऱ्हाईक जुनी कॅसेट परत करून, वर पैसे देऊन ती घेतं. मारिओ 3 सुद्धा वेगळ्या कॅसेटवर मिळायचाच. जे खेळ घराच्या आणि भाषेच्या चाळणीत अडकत होते, त्यांच्यासाठी मात्र कुणी जास्तीचे पैसे मोजले नाहीत. तेव्हा मोठा खेळ इथं येऊ शकत नव्हता असं नाही. त्याला आपलं मोठेपण इथल्या दुपारीत मावतं हे दाखवावं लागत होतं.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. सगळं चाळण्यांनीच ठरवलं असेल, तर याला आवड कशाला म्हणायचं? मुलांनी मिळालं ते खेळलं, एवढंच. हे मात्र मला मान्य नाही, आणि पुरावा त्याच कॅसेटांत आहे. अनेक-खेळांच्या त्या मेन्यूंत निन्टेन्डोचे बेसबॉल, गोल्फ आणि माहजाँग हेही असायचे. 1983-84 चे, छोटे, स्वस्त, पहिल्या चाळणीतून अलगद उतरलेले. बेसबॉलमध्ये तर वाचायलाही काही नाही, आणि तो दोघांचा खेळ. तरी आवडत्या खेळांत त्याचं नाव कुणी घेत नाही. क्रिकेटच्या वेडात बुडालेल्या मुलांना चेंडू आणि दांड्याचा हा खेळ जवळचा वाटायला हवा होता, असं वरवर वाटतं. पण ज्याला खरा खेळ ठाऊक असतो त्याला त्याच्यासारखा दिसणारा परका खेळ जास्तच खटकतो: धावायचं कुठं, आऊट कसा झालो, काहीच जुळत नाही. क्रिकेटचा म्हणावा असा खेळ या यंत्रावर 1992 मध्ये इंटरनॅशनल क्रिकेट नावानं निघाला, तो ऑस्ट्रेलियात. इथल्या बाजारापर्यंत त्याची हवा आली नाही. माहजाँगचं तर चित्रच कळत नाही. म्हणजे तीन चाळण्यांखाली जे पडलं त्यातला मोठा ढीग मुलांनी बाजूला सारला आणि सात-आठ नावं ठेवली. ठेवलेल्यांत साम्य काय? हेतू पहिल्या काही क्षणांत कळतो, चूक कुणाची झाली ते दोघांनाही दिसतं, आणि जोडीदाराला बघत बसावं लागलं तरी बघण्यातही मजा असते. ही निवड बारा वर्षांखालच्या मुलांनी, कुठलंही परीक्षण न वाचता केली, आणि ती उत्तम आहे. बॅटल सिटी चाळीस वर्षांनी आजही खेळवतो. त्याच वेळच्या कित्येक नामांकित खेळांना तसं म्हणता येत नाही.

आणखी एक शंका उरते. यादी रशियापासून बिहारपर्यंत सारखी असेल, तर नांदेड-लातूरचं वेगळं काय? वेगळी यादी नाही, वेगळा आहे तो काळ. पुण्या-मुंबईत या यंत्राच्या मागोमाग घरचा संगणक, सायबर कॅफे आणि प्लेस्टेशन आले आणि हा टप्पा लवकर ओलांडला गेला. इथं तो लांबला, आणि लांबण्याची कारणं नुसती पैशाची नव्हती. घराबाहेर व्हिडिओ गेमची दुकानं होती, पण त्यांच्याकडे पाहण्याची नजर वाईट होती. शेजारच्या कर्नाटकातला खटला 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा अशा पार्लरांवर परवान्याची सक्ती योग्य ठरली आणि त्यातल्या काही खेळांत नशिबाचा भाग असल्याचं न्यायालयानं धरलं. महाराष्ट्रात ते करमणूक कराच्या कक्षेत होते. सभ्य घरातल्या आईबापांना पार्लर आणि पत्त्यांचा अड्डा यांत फार फरक दिसत नसे, म्हणून ‘खेळायचं तर घरात खेळ’ हा तोडगा. लातूरमध्ये याला आणखी एक पदर होता. दहावी-बारावीच्या निकालांवर ज्या शहराचं नाव आणि बाजारपेठ दोन्ही उभी राहिली, जिथं लातूर पॅटर्नसाठी परगावची मुलं खोल्या घेऊन राहतात, तिथं निव्वळ खेळण्यावर पैसे घालणं आईबापांच्या जिवावर यायचं. बाजारानं त्यावरही उपाय काढला: त्याच काळ्या ठिपक्याच्या यंत्राला संगणकासारखा कीबोर्ड जोडला, टंकलेखनाचे आणि बेरजांचे दोन-चार खेळ घातले, आणि ते शिक्षणाचं साधन म्हणून विकलं. अशा भारतातल्या बारा-एक डॉलरच्या यंत्राकडे पाहून 2008 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या कार्यशाळेत डेरेक लोमास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर खरोखरीच शिकवणारे खेळ करायचं ठरवलं, त्यातून प्लेपॉवर हा प्रकल्प निघाला. त्यांना जे शिक्षणाचं साधन दिसलं, त्यावर इथली मुलं आई स्वयंपाकघरात गेली की टँक लावत होती. दोन्ही उपयोग खरे.

राहिला बालपणाच्या गोडव्याचा मुद्दा: लहानपणचं सगळंच आवडतं, त्याला एवढी कारणं कशाला? गोडव्यानं ओढ समजते, यादी समजत नाही. माहजाँगही लहानपणचाच होता.

या यादीतला एक खेळ मात्र आता यादीतच राहणार, असं दिसतं. बदकांच्या खेळातली बंदूक गोळी सोडत नाही, ती प्रकाश वाचते: चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि नळीतल्या काचेमागच्या डोळ्याला तो दिसला तर बदक पडतं. हे जमतं ते जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीवरच, कारण तिथं चित्र ठरल्या क्षणी ठरल्या जागी उमटतं. सपाट पडद्यावर चित्र उमटायला जो किंचित उशीर लागतो तेवढ्यात बंदुकीचा क्षण निघून जातो. नेम कितीही अचूक असो, बदक उडूनच जातं. मारिओ आणि टँक मोबाइलवरही चालतील. पण माळ्यावर जुना डबा टीव्ही आणि ती नारिंगी किंवा काळी बंदूक अजून असेल, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा जोडून बघा आणि चालत असेल तर ठेवून द्या. त्या बंदुकीनं बदकांचा गेम खेळून दाखवण्यासाठी दुसरा सोपा मार्ग नाही.